हळूमामा

हळूमामांकडे मुलाची गाडी दिली, की ती हटकून हळू होऊन परत यायची. बॅटरीवर चालणाऱ्या, मुलाला आत बसवून कंपाउंडमध्ये फिरवायच्या गाड्या असतात ना, लाल, काळ्या, दारं उघडणाऱ्या, दिवे लागणाऱ्या, तसल्या. लोक त्या घेऊन मामांकडे यायचे ते गाडी जोरात पळावी म्हणून. मोठी बॅटरी टाका, जोरदार मोटर बसवा, शेजारच्या पोराची बघा कशी सुसाट जाते! मामा सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि गाडी होती त्याहून हळू करून द्यायचे. हळूमामा हे नाव डोंबिवलीतल्या पोरांनीच ठेवलं होतं. मामांना ते माहीत होतं, आणि माझा संशय विचाराल तर आवडतही होतं.

पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचा गाळा होता. गाळा म्हणजे काय, एक माणूस नीट बसला की दुसऱ्याने रस्त्यात उभं राहायचं. मामा मूळचे मोहन्याचे. रेयॉनच्या कंपनीत मोटर वाइंडिंग करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कंपनी बंद पडली तेव्हा घरी बसण्याचं वय नव्हतं आणि दुसरीकडे कोणी घेईल असंही वय नव्हतं. मग पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप. पुढे लोक मिक्सर दुरुस्त करेनासे झाले, सरळ नवा आणायला लागले. "मिक्सर फेकतात गो," मामा म्हणायचे, "पण पोराची गाडी फेकवत नाय कुणाला." तर अशा या गाड्या त्यांच्याकडे यायला लागल्या. दोन विटांवर गाडी चढवायची, चाकं अधांतरी फिरवायची आणि प्लास्टिकला कान लावून डोळे मिटून ऐकत बसायचं, ही त्यांची पद्धत. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा झोपला.

कच्चं काम दिसलं की मात्र त्यांची झोप उडायची. कुणीतरी घरच्या घरी दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळलेली असायची. ती टेप सोडवताना मामांचं तोंड चालू व्हायचं. "हा जोड नाय, हा नवस हाय. टिकला तर देव पावला, नाय तर नाय." मग कथिलाचा डाग देऊन, वर नळी चढवून ते जोड पक्का करायचे आणि ओढून बघायला गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचे. गिऱ्हाईक बिचारं भीत भीत ओढायचं. "ओढ की जोरात, जेवला नाय काय?" असं वर ऐकूनही घ्यायचं.

दुसरा हट्ट असा, की मूल बघितल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. "मालक कुठाय?" हा पहिला प्रश्न. बाप म्हणायचा, मीच मालक. "तू बसणार काय त्यात? मालकाला आण." एकदा ठाण्याहून एक गृहस्थ चांगली दणकट काळी जीप टेम्पोत घालून घेऊन आले होते. त्यांना वेग दुप्पट करून हवा होता. मामांनी त्यांना परत पाठवलं. पुढच्या रविवारी ते मुलाला घेऊन आले, तर पोरगा जीपच्या हॉर्नलाच घाबरत होता. मामांनी हॉर्नची वायर काढून टाकली, वेग अर्धा केला आणि पोराला गल्लीतून एक चक्कर मारायला लावली. पोरगा हसत परत आला, बाप मात्र चिडून लालेलाल. गाडी उचलून तो कल्याणला दुसऱ्या कुणाकडे गेला, असं मागाहून कळलं. मामा एवढंच म्हणाले, "पोरं दमवत नाय गो. आईबाप दमवतात."

त्या दमवणाऱ्यांत मीही होते. माझी सई तेव्हा चार वर्षांची होती. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. दोन्ही पाय आणि उजवा हात तिचं ऐकत नाहीत. डोकं लख्ख. बोलणं उशिरा आलं, पण आलं ते माझ्यासारखं आलं, फटकळ. चार वर्षं ती माझ्या कमरेवर होती. ओट्याशी कमरेवर, बँकेत कमरेवर, ठाण्याला टेंभी नाक्याजवळ व्यायामाला नेताना कमरेवर. नवरा एमआयडीसीत शिफ्टला. तो घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा, त्याचाही दोष नाही. मला झोपेत सुद्धा डाव्या बाजूला वजन जाणवायचं. एक दिवस व्यायामाच्या बाई म्हणाल्या, हिला स्वतःहून हलायला मिळालं पाहिजे, नाहीतर कुठे जायचं असतं हेच ती विसरेल. हाताने बटण दाबून चालेल अशी खेळण्यातली गाडी करून घ्या. करून घ्या म्हणे! जसा काही ब्लाउज शिवून घ्यायचा.

भाच्याची जुनी लाल जीप माळ्यावर पडलेली होती. दोन-तीन दुकानांत विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. शेवटी वाण्याने मामांचं नाव सांगितलं. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मी जीपला दोरी बांधली, सईला उशा लावून आत बसवलं आणि ओढत निघाले. अख्खी गल्ली बघत होती. बघू दे म्हटलं.

तोवर सईला बघून जो तो मला विचारायचा, "हिला काय झालंय?" मामांनी मला काहीच विचारलं नाही. ते जीपसमोर उकिडवे बसले आणि तिला म्हणाले, "काय मालक, कुठला हात चालतो?" सईने डावा हात उचलला आणि त्यांच्या टकलावर फाडकन मारला. मी मेल्याहून मेली झाले. "हा चालतो," मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि चांगला चालतो."

मग तासभर त्यांनी तिच्याकडून काय काय दाबून घेतलं. घंटीचं बटण, टॉर्च, एक जुना स्विच. बारीक बटणावर तिचं बोट टिकत नव्हतं, अख्खा पंजाच पडायचा. मामांनी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण शोधून काढलं, त्याच्या खाली स्प्रिंग आणि आत स्विच बसवला. झाकणावर कुठेही थाप मारा, गाडी चालू. हात उचलला, की बंद. पायातल्या पेडलची वायर वर घेतली. पाठीला प्लास्टिकच्या पाइपाची चौकट, चौकटीवर गादीचा स्पंज, आणि दप्तराचे पट्टे कापून छातीशी पट्टा. मामी मोहन्याहून डबा घेऊन आल्या होत्या, तो तसाच राहिला. "स्टीअरिंगचं काय?" मी विचारलं. "ते मागाहून. आधी चल आणि थांब, एवढं हिचं हिला ठरवू दे." आणि अर्थात गाडी हळू केली. इतकी हळू, की आमच्या कंपाउंडमधल्या कबुतरांनी उडायची तसदी घेतली नाही.

आता या गाड्यांना एक रिमोट येतो. आईबापांसाठी. तो दाबला, की आतल्या मुलाचं काही चालत नाही, गाडी रिमोटचं ऐकते. तशी सोयच असते. रोज संध्याकाळी सई झाकणावर थाप मारायची आणि मी रिमोट घेऊन मागे. कुंडी आली की मी थांबवायचे, उतार आला की मी वळवायचे, कुणाची स्कूटर दिसली की मी गाडी कडेला घ्यायचे. मला वाटायचं, आम्ही दोघी मिळून चालवतोय. पहिले काही दिवस ती खिदळायची. मग तिने थाप मारणं सोडून दिलं. हात मांडीवर ठेवून बसून राहायची, मी फिरवायचे तशी फिरायची. मी जीप ओढत मामांकडे नेली आणि म्हटलं, बटण बिघडलंय.

मामांनी झाकण दाबून बघितलं. चाकं फिरली. पुन्हा दाबलं, पुन्हा फिरली. मग म्हणाले, "कशी चालवता ते दाखव." मी पर्समधून रिमोट काढला. मामांनी हात पुढे केला, मी तो दिला. तो त्यांनी खणात टाकला, सीट उचकटली आणि रिमोटचं ऐकणारा आतला भाग वायरी कापून बाहेर काढला.

"दोन ड्रायव्हर असले की एक झोपतो, बाय. तुझी झोपलीय."

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात ओरडले मी त्यांच्यावर. "तुमचं काय जातंय सांगायला? उद्या आपटली, खांबावर गेली, तर निस्तरायचं कुणी? चार वर्षं मी हिला हातावर फुलासारखं..." वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या. मामा पक्कड हातात धरून उभे राहिले होते.

"आपटंल," ते म्हणाले. "हळू आपटंल. म्हणून तर हळू केली. सगळ्यांच्या गाड्या हळू करतो मी, ते काय हौस म्हणून? गाडी हळू असली तरच आई हात सोडते. तू चालत गाठशील एवढीच पळते ती." मग पक्कड खाली ठेवत, "पण लगेच गाठू नको."

मी रागारागाने दोरी ओढत निघून आले. चुकले होते का? आजही मला तसं वाटत नाही. मी दमले होते, आणि दमलेला माणूस हातातलं सोडत नाही, कारण पुन्हा उचलायची ताकद उरेल याची त्याला खात्री नसते.

त्या संध्याकाळी रिमोटच नव्हता. सईला बसवलं आणि मी पाच पावलं मागे उभी राहिले. बराच वेळ ती नुसती बसली होती. मागून गाडी हलायची वाट बघत असावी. हलली नाही, तशी तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात मोकळे दाखवले. तिने थाप मारली. जीप सुटली ती सरळ वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. धप्प. मी धावले, तर सई किंचाळली, "नको!" वॉचमनने हसत जीपचं तोंड फिरवून दिलं. पुन्हा थाप. कंपाउंडच्या पार दुसऱ्या टोकाला, पंपाच्या खोलीपाशी, मुली भातुकली मांडून बसल्या होत्या. सई तिकडे निघाली. मध्ये थांबली, पुन्हा निघाली, आणि त्यांच्यापाशी जाऊन तिने हात उचलला. एका मुलीने तिच्या मांडीवर खोटी भाकरी ठेवली. माझ्याकडे तिची पाठ होती. जन्मल्यापासून तिची पाठ मी अशी लांबून कधी बघितलीच नव्हती. मला रडू आलं, मामांचा राग आला, आणि या दोन्हींपेक्षा जास्त म्हणजे झोप आली. तिथेच पायरीवर बसले आणि भिंतीला डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी मी डब्यात शिरा घेऊन गेले. मामांनी आदल्या दिवसाच्या भांडणाचा विषय काढलाच नाही. "आपटली?" "आपटली." "कुणाला लागलं?" "खुर्चीला." एवढंच.

पुढे जीपला स्टीअरिंगच्या जागी सायकलसारखा लांब दांडा आला, सईची उंची वाढली तशी चौकट वर सरकली. तिच्यासारखी आणखी मुलं मामांकडे यायला लागली, अंबरनाथहून, मुंब्र्याहून. मामांचे हात थरथरायला लागले होते. डाग देताना ते दोन्ही कोपर टेबलावर टेकवायचे. "दमलो गो बाय," म्हणायचे, आणि पुढची गाडी विटांवर चढवायचे. मी म्हटलं, आता पुरे करा. तर उलट मलाच विचारलं, "तू झोपतेस काय आता?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. झोपते म्हटलं.

मग ती इमारत पाडायला निघाली. मामांनी गाळा सोडला आणि ते मोहन्याला घरीच बसायला लागले. सई जीपमध्ये मावेनाशी झाली, तिला बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची मिळाली. खुर्ची देणाऱ्यांनी चालवायला शिकवायला माणूस पाठवला होता. सईने त्याला काही शिकवू दिलं नाही. बसली आणि दारातून बाहेर गेली. मामांना फोनवर सांगितलं, तर पहिला प्रश्न, "वेग केवढा?"

या वर्षी एका दुपारी मामींचा फोन आला. मामा सकाळी चहा पिता पिता गेले. फार त्रास झाला नाही, म्हणाल्या. सई शाळेतून यायची वेळ होती. ती आता पाचवीत आहे. आल्यावर मी तिचे बूट काढले, पाणी दिलं आणि सांगितलं. लपवून ठेवणं मला जमत नाही.

तिचा चेहरा आक्रसत गेला. मी सवयीने तिला जवळ घ्यायला वाकले. आजवर ती रडली ती माझ्या खांद्यावरच, दुसरीकडे रडायला ती जाणार तरी कुठे होती? तिने डावा हात माझ्या छातीवर ठेवून मला थांबवलं.

"मी खाली जाऊन येते," ती म्हणाली. "तू येऊ नको."

दार उघडून दिलं. लिफ्ट आली, गेली. मी गॅलरीपर्यंत गेले, कठड्याला हात लावला आणि खाली न बघता आत आले. स्वयंपाकघरात उभी राहून एकटी रडले. खाली ती रडत होती, वर मी. मध्ये चार मजले होते.

पुष्कळ वेळाने लिफ्टचा आवाज आला. सई आत आली. डोळे सुजले होते, नाक लाल. खुर्ची तिने नेहमीसारखी टेबलाला लावली.

"भूक लागली," म्हणाली.

मी तवा ठेवला.