छोटी खोली रिकामी करण्याबाबत

दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीत आम्हाला फ्लॅट मिळाला तेव्हा नकाशावर दोन खोल्या, एक हॉल आणि कोपऱ्यात एक छोटी खोली दाखवली होती. ही हकिगत त्या छोट्या खोलीची आहे आणि तिच्यातला मूर्ख माणूस मी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको.

मी विलास टिपणीस. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होतो. आडनावाला जागून आयुष्यभर टिपणंच लिहिली. आमचा सेक्शन परवान्यांचा. एखाद्या कारखान्याला वर्षाला पाच हजारांऐवजी सहा हजार कुकर बनवायचे असले की तो आमच्याकडे अर्ज करी आणि आम्ही विचार करत असू. विचार करणं हेच काम होतं आणि ते आम्ही मन लावून करायचो.

हे काम मला मल्होत्रासाहेबांनी शिकवलं. पान चघळत ते म्हणायचे, "टिपणीसजी, जल्दी मत करो. केस को पकने दो." म्हणजे अर्जाला हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. एक शंका काढायची, एक कागद मागवायचा. निम्मे अर्जदार थकतात, काही धंदा बदलतात, एखाददुसरा जगाचाच निरोप घेतो. मग फाइलवर लिहायचं, 'अर्जदाराची गरज उरलेली नाही. प्रकरण निकाली.' आणि फीत बांधून टाकायची. निर्णय न घेता प्रकरण संपवणं यात एक कसब आहे, आणि ते मला चांगलं साधलं होतं. घरी जेवताना मी असे किस्से रंगवून सांगायचो. अलकनंदा, म्हणजे माझी बायको, हसायची. आमची मुलगी क्षिप्राही हसायची.

एक्क्याण्णव साली सरकारने परवानेच बंद केले. आमचा सेक्शन गेला. तीन ट्रक भरून फाइली गेल्या आणि मला दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळचं एक टेबल मिळालं, ज्यावर आठवड्यातून दोन कागद येत. हाताला सवय होती आणि डोकं रिकामं होतं. दोन्ही मी चार्टर्ड बसमधून रोज घरी आणू लागलो.

त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही या फ्लॅटमध्ये आलो. एकतीस खोके होते. "नंतर लावू," असं म्हणून मी ते छोट्या खोलीत ठेवले. त्यांच्यामागून बाकीचं सामान आपोआप आत गेलं. कूलरच्या जुन्या गवताच्या जाळ्या, टीव्हीचं थर्माकोल, झाकण नसलेले बिस्किटांचे डबे, डबे हरवलेली झाकणं. आणि माझे कागद. रेडिओच्या लायसन्सची पुस्तिका, ज्यावर पोस्टाचे शिक्के होते. स्कूटरच्या बुकिंगची पावती; स्कूटर सात वर्षांनी आली आणि नंतर विकूनही झाली होती. टेलिफोनच्या अर्जाच्या चार प्रती. गॅसच्या नोंदणीची चिठ्ठी. लग्नपत्रिका मी पाठकोऱ्या म्हणून ठेवायचो. लवकरच खोलीचं दार उघडताना आधी खांदा लावून आतल्या सामानाला मागे लोटावं लागू लागलं.

मला कुणी हसेल तर हसू दे, पण आमच्या पिढीला प्रत्येक वस्तू कागद दाखवून मिळाली आहे. दूध कार्डावर, साखर कार्डावर, फोन रांगेत. कोण कधी कुठली पावती मागेल याचा नेम नसायचा. शेजारचे लोक आता शोरूममध्ये जाऊन तासाभरात गाडी घेऊन येत होते, हे मी बाल्कनीतून पाहत होतो. पण सवय मोठी वाईट. देशातून परवाना गेला आणि आमच्या छोट्या खोलीत येऊन राहिला.

क्षिप्रा तेव्हा आठवीत होती. तिने एकदा विचारलं, "बाबा, छोटी खोली मला द्या ना. मला पढाईला जागा नाहीये."

मी त्या दिवशी खुशीत होतो. म्हटलं, "तोंडी मागणी चालत नाही. अर्ज कर."

तिने वहीचं पान फाडलं आणि खरंच अर्ज लिहिला. 'आदरणीय बाबा, मला छोटी खोली पाहिजे. मी तिथे पढाई करेन. कृपया सगळं कबाड हटवून द्यावे. आपली आज्ञाधारक, क्षिप्रा.' अडगळ हा शब्द तिला येत नव्हता, दिल्लीत वाढलेली पोर. मी ऑफिसातून आणलेलं एक कोरं फाइल कव्हर काढलं, वर झोकदार अक्षरात लिहिलं, 'छोटी खोली रिकामी करण्याबाबत', आणि तिचा अर्ज उजव्या बाजूला लावला. डाव्या बाजूला पहिली टिप्पणी केली: 'मागणी रास्त दिसते. विचार व्हावा.' आम्ही तिघंही पोट धरून हसलो. तिथेच हसून विषय संपला असता आणि मी बाह्या सरसावून खोके उचलले असते तर ही पानं लिहायची वेळ आली नसती.

पण मी फाइल चालवली. दर रविवारी त्यात काहीतरी लिहायचो. अलकनंदाकडे 'अवलोकनार्थ' पाठवायचो. ती स्वयंपाकघरातल्या पेन्सिलीने समासात लिहायची, 'पाहिलं. खोली कधी?' त्यावर मी, 'सामानाची यादी केल्याशिवाय निर्णय घेणं उचित होणार नाही.' यादी करायला एक अख्खा हिवाळा गेला. चारशे बारा वस्तू निघाल्या. मला फार अभिमान वाटला. यादी फाइलला जोडली आणि सगळ्या वस्तू होत्या तिथे परत ठेवल्या.

मग वाटलं, नीट लावायचं तर साधनं हवीत. कीर्ती नगरहून लोखंडी रॅक आणला, करोल बागेतून झाकणाचे बारा प्लास्टिकचे खोके आणले. रॅक दारातून आत जाईना, म्हणून तो खोलीच्या बाहेर उभा राहिला. खोके एकात एक घालून आत ठेवले. पसारा आवरायला आणलेल्या सामानाने पसारा वाढवला आणि यादी चारशे पंचवीसवर गेली.

सगळ्यात मोठा पराक्रम पुढचा आहे. ऑफिसात नियम होता की जी फाइल दुसऱ्या चालू फाइलला जोडलेली आहे, ती नष्ट करता येत नाही. हा नियम मी घरी लावला. रेशन कार्डाची नक्कल गॅसच्या कागदांत होती, गॅसचे कागद टेलिफोनच्या अर्जाला पुरावा म्हणून लावले होते, टेलिफोनचे स्कूटरला. आणि हे सगळं खोलीच्या फाइलला जोडलेलं. म्हणजे खोलीची फाइल बंद झाल्याशिवाय यातलं काही फेकता येत नव्हतं, आणि यातलं काही फेकल्याशिवाय खोलीची फाइल बंद होत नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा मला एखादा शोध लागल्यासारखा आनंद झाला. धावत जाऊन अलकनंदाला सांगितलं. ती मटार सोलत होती.

"म्हणजे काहीच फेकायचं नाही," ती म्हणाली. "हे सांगायला तुम्हाला तीन वर्षं लागली?"

"अगं, पद्धत असते एकेक."

"पद्धत तुमची आणि पुस्तकं तिची फ्रिजवर."

ते खरं होतं. क्षिप्रा हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर अभ्यास करायची. मागे टीव्ही, शेजारी दाराची बेल, आणि मी क्रिकेट बघायला बोलावलेले सोसायटीतले चार मित्र. कानात कापसाचे बोळे घालून ती गणितं सोडवायची. ताटांचा आवाज आला की अलकनंदा म्हणायची, "उचल गं," आणि ती सगळी वह्यापुस्तकं छातीशी धरून फ्रिजवर नेऊन ठेवायची. जेवण झालं की परत खाली. नाश्ता, जेवण, चहा, पुन्हा जेवण. रोज चार वेळा. हे मी पाच वर्षं पाहिलं. ताटावर बसून पाहिलं.

ती अकरावीत गेली तेव्हा दुसरा अर्ज आला, यावेळी एकाच ओळीचा: 'बाबा, बारावीच्या आधी प्लीज.' मी त्यावर लिहिलं, 'दसऱ्यापर्यंत कार्यवाही व्हावी.' दसऱ्याला पाहुणे आले. मग दिवाळीनंतर म्हटलं. दिवाळीनंतर थंडी पडली, आणि दिल्लीच्या थंडीत कोण खोके उचलतो? असं करता करता बारावीचं वर्षही निम्मं सरलं. जानेवारीत तिने विचारणं बंद केलं. पोरगी समजूतदार झाली, असं मी दोन-तीन लोकांना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

बारावीला तिला चांगले मार्क पडले. आर्किटेक्चरला जायचं होतं. दिल्लीतही प्रवेश मिळत होता, पण तिने पुणं घेतलं. मी विचारलं, "घर सोडून हॉस्टेलला कशाला जातेस? इथे काय कमी आहे?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. साधं उत्तर द्यावं तसं ती म्हणाली, "बाबा, हॉस्टेलवर प्रत्येकीला अपना अपना टेबल असतं."

मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आता आठवत नाही. कुणी हसलं नाही एवढं आठवतं.

जुलैमध्ये निजामुद्दीन स्टेशनवर तिला गाडीत बसवून आम्ही रिक्षाने घरी आलो. घरी आल्यावर ती चहा ठेवायला गेली असं मला वाटलं. ती आली तेव्हा तिच्या हातात चहा नव्हता, ती फाइल होती. पाच वर्षांत फुगून दोन इंच जाड झालेली. तिने पेन्सिल वापरली नव्हती. शाईच्या पेनने, शेवटच्या टिप्पणीखाली, आमच्या ऑफिसला शोभेल अशा टापटिपीने लिहिलं होतं:

'अर्जदार पुण्याला गेली. अर्जदाराची गरज उरलेली नाही. प्रकरण निकाली.'

खाली सही, तारीख. फीत नीट बांधलेली. फाइल माझ्या मांडीवर ठेवून ती आत गेली.

ते वाक्य मी शेकडो लोकांच्या अर्जावर लिहिलं होतं आणि नंतर डबा उघडून शांतपणे जेवलो होतो. त्यांच्या घरात ते वाचून काय होत असेल, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. मी फाइल उघडून आठवीतला तो अर्ज वाचला. 'आपली आज्ञाधारक' इथपर्यंत आलो आणि मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं. अलकनंदाने आतून ऐकलं असणार, पण ती बाहेर आली नाही, आणि बरोबरच केलं तिने.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. गल्लीत कबाडीवाल्याची हाक आली तशी त्याला वर बोलावलं. तो दारात उभा राहून आत बघतच राहिला. "बाबूजी, दुकान था क्या आपका?" मी म्हटलं, "हां, बंद हो गया." रेडिओचं लायसन्स गेलं, स्कूटरची पावती गेली, झाकणं आणि डबे एकाच पोत्यात गेले. रॅकही गेला. जोडलेल्या फाइली, न जोडलेल्या फाइली, सगळ्या गेल्या. फक्त तिचे दोन अर्ज काढून घेतले. पाच वर्षं जे 'विचाराधीन' होतं, त्याला तीन तास दहा मिनिटं लागली, आणि त्यातली वीस मिनिटं तो माणूस पाणी पीत माझ्याशी गप्पा मारत होता. त्यानंतर आजतागायत माझ्याकडे कुणीही गॅसच्या नोंदणीची चिठ्ठी मागितलेली नाही.

मग मला भलताच हुरूप आला. खोलीला रंग दिला. खिडकीला पडदा लावला. तिच्यासाठी रुंद टेबल करून घेतलं, वर वाकवता येणारा दिवा बसवला. दिवाळीची वाट बघत रोज त्या खोलीत जाऊन दिवा लावायचो आणि बंद करायचो. अलकनंदा बघायची, पण मला टोमणा मारायची नाही. ते मला जास्त लागायचं.

क्षिप्रा दिवाळीला आली. खोली पाहून म्हणाली, "अरे वा, बाबा! एकदम मस्त!" मला मिठी मारली, बॅग आत ठेवली. मी दिवा कसा वाकतो ते दाखवलं. तिने दोनदा वाकवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आलो तर ती हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंगचे कागद पसरून बसली होती.

"अगं, तुझं टेबल आहे ना आत?"

"हो ना. बसले होते मी तिथे. पण इतकी शांतता, डोकंच चालेना." ती पट्टीवरून नजर न काढता म्हणाली. "मला इथेच आदत आहे, बाबा."

मी भाजीची पिशवी ठेवली. तेवढ्यात स्वयंपाकघरात अलकनंदाने ताटं काढली. आवाज झाला मात्र, क्षिप्रा उठली. कुणी काही म्हणालं नव्हतं. तिने कागद गोळा केले, गुंडाळले, पट्टी आणि पेन्सिली त्यात घातल्या, सगळं छातीशी धरलं आणि फ्रिजवर नेऊन ठेवायला निघाली.

"राहू दे," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच निघाला. "राहू दे ते. तू कर तुझं काम."

"पण जेवायचं आहे ना?"

"मी जेवतो कुठेतरी."

अलकनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि माझं ताट वाढून हातात दिलं. मी ते घेऊन छोट्या खोलीत गेलो. भिंतींना अजून रंगाचा वास होता. तिच्या नव्या टेबलावर ताट ठेवलं, तिचा दिवा बाजूला सारला आणि एकटा जेवायला बसलो. जागा भरपूर होती.