गुडघ्याएवढी बायको

चौथीच्या वर्गात मी प्राचीन इजिप्तमधल्या एका थडग्यातलं चित्र फळ्यावर लावलं. मधोमध हातात काठी घेतलेला धिप्पाड घरधनी आणि त्याच्या पायाशी बसलेली, जेमतेम गुडघ्याएवढी त्याची बायको. मुलं खूश झाली. मुक्ता तेवढी डोळे बारीक करून बघत राहिली.

"बाई, ती त्याची मुलगी आहे का?"

"नाही गं, बायको. तो मोठा माणूस, म्हणून मोठा काढलाय. पद्धतच होती तशी."

"पण हे चित्र काढून घेतलं कुणी?"

"त्यानंच," मी म्हणाले.

"हं," एवढंच म्हणून ती खाली बसली.

तिचा संशय मात्र माझ्या मनात शिरला. त्या बाईनं नवऱ्याच्या पोटरीला हात लावलाय. वर्षानुवर्षं मी त्यात माया बघत आले होते. आज वाटलं, तिला खरंच तिथं बसायचं होतं का? कुणी विचारलं तरी असेल का तिला? हजारो वर्षं टिकलेल्या त्या देखण्या रेषेवर माझा विश्वास बसेना.

मग मुलांनी त्याच पद्धतीनं आपापलं घर काढलं. बहुतेकांचे बाबा कागदभर झाले. मुक्ताच्या कागदावर मात्र मुक्ताच उभी होती, वरच्या कडेला डोकं टेकवून. आईबाबा तिच्या पायाशी.

"एवढी मोठी तू?" मी विचारलं.

"चित्र मी काढतेय ना, बाई," ती म्हणाली, आणि चित्रातल्या स्वतःच्या डोळ्यांत जाडसर काजळ भरू लागली.