बोटभर चूक

कारखान्यातला जुना मनोरा उतरवणार असल्याचा निरोप आला आणि अंदाजकाकांनी इस्त्रीचा सदरा मागितला. लग्नाला निघालात की काय, असं काकूंनी विचारलं. लग्नच समज, काका म्हणाले, पण पाठवणीचं.

त्या मनोऱ्यावर काकांचं पहिलं प्रेम. आत चिनी मातीच्या पोकळ कड्यांचा ढीग, वरून पाणी ठिबकायचं, खालून वायू चढायचा. भरल्या नाट्यगृहात उशिरा आलेला प्रेक्षक गुडघ्यांना धक्के खात खुर्ची गाठतो, तसा तो वायू कड्यांतून वाट काढायचा. वर पोचेपर्यंत त्याचा दाब किती घटेल, ते काकांनी आधी सांगायचं. कमी सांगितलं तर पंखा अपुरा, जास्त सांगितलं तर पांढरा हत्ती पोसा.

काका तेव्हा नकाशांच्या नकला काढण्यातून नुकतेच हिशोबावर आले होते. मनोरा सुरू झाला आणि दाबातली घट दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी त्यांच्या आकड्याच्या दुपटीवर जाऊन बसलं. वायू चढेना, पाणी उतरेना. थोरल्या साहेबांनी मोठा पंखा मागवायचं ठरवलं. म्हणजे काकांची रवानगी पुन्हा नकलांवर.

काकांनी हिशोब पुन्हा केला. आकडा तोच. शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारी मुलगी मान वर न करता म्हणाली, "तुमच्या कागदावरच्या कड्या अख्ख्या आहेत. आतल्या आहेत का?"

काका धावत मिस्त्रीकडे गेले. पाण्याची नळी जोडायला उशीर होत होता, म्हणून कड्या वरून कोरड्याच ओतल्या होत्या. खरी रीत वेगळी: आधी मनोऱ्यात पाणी भरायचं, मग कड्या सोडायच्या, म्हणजे त्या सावकाश बुडतात, फुटत नाहीत.

मनोरा उघडा, असं काकांनी साहेबांना सांगितलं.

"आणि अख्ख्या निघाल्या तर?"

"तर उद्यापासून नकला काढतो."

तळाशी नुसत्या खापऱ्या निघाल्या. त्यांनीच वायूच्या वाटा बुजवल्या होत्या. कड्या पुन्हा भरल्या, या खेपेला पाण्यात, शिडीवर स्वतः काका उभे. मनोरा सुरू झाला. नळीतलं पाणी उतरत उतरत आलं आणि काकांच्या आकड्याच्या बोटभर वर थांबलं. साहेब म्हणाले, बोटभर चुकलात, अंदाजराव. काका हिशोबावर राहिले, नाव जन्माचं चिकटलं. वयाबरोबर रावाचे काका झाले, एवढंच.

संध्याकाळी काका घरी आले ते खिशात एक कडी घेऊन. काकूंनी चहा ठेवला, कडीवर नखाने टिचकी मारली. खणखणीत वाजली.

"अख्खी आहे. मग ती बोटभर चूक कुठली, ते कधी कळलं का?"

"त्याच दिवशी कळलं होतं," काका म्हणाले. "मनोऱ्यातलं पाणी खाली गेलं होतं, तरी दोन टोपल्या तशाच ओतल्या. लक्ष नव्हतं. खाली तू नकाशा धरून उभी होतीस."

काकूंनी कडी साखरेच्या डब्याशेजारी ठेवली. इतक्या वर्षांनी सांगताय, म्हणाल्या, आणि चहात एक चमचा साखर जास्तच घातली.