दुधात विरजलेली लस

देवीची लस टोचली की ती लागली का नाही, हे आठव्या दिवशी कळतं. तोवर टोचणाऱ्याला वाट बघण्याखेरीज काम नसतं. त्यामुळे आमच्या खात्यात लस कमी पडली, तरी किस्से भरपूर साठतात. हे सगळे नेकनूरच्या एकाच मुक्कामातले. निजाम सरकारच्या टोचणी खात्यात मला तेव्हा नुकतीच मुन्शीची जागा मिळाली होती.

आम्ही तिघे होतो : हैदराबादेत शिकलेले डॉक्टरसाहेब, चपराशी उस्मानभाई, आणि वही लिहिणारा मी. गेवराईकडे देवीची साथ होती. ती नेकनूरला पोचण्याआधी गावातली पोरं टोचायची होती.

बहुतेक घरं तयार झाली. म्हातारी बायजाबाई होईना. पाच वर्षांचा नातू नाम्या, त्याला आईबाप नव्हते, आणि तिला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. आम्ही येताना दिसताच तिनं दाराला लिंबाचा डहाळा बांधला. डहाळा म्हणजे घरात देवी आलीय, परक्यानं आत यायचं नाही.

"पोराला देवी आल्यात," ती दारातून म्हणाली. "लई ताप हाय. डोळा उघडंना."

तिच्या मागे उंबऱ्यावर बसून नाम्या ऊस सोलत होता.

*

लस काचेच्या बारीक नळ्यांतून यायची. उष्णतेनं ती मरते, म्हणून उस्मानभाई नळ्या ओल्या मडक्यात जपायचे. एका सकाळी डॉक्टरांनी नळी मागितली, तर उस्मानभाईंनी दुधाचं पातेलं पुढे केलं. होत्या तेवढ्या नळ्या फोडून त्यांनी कोमट दुधात ओतल्या होत्या.

"साब, चमचाभर विरजणात घागरभर दही होतं. म्हटलं, लस बी वाढंल. पूरा जिल्हा टोचून काढू!"

डॉक्टरांनी पातेलं नाकाशी धरून पाहिलं. मग म्हणाले, "उस्मानभाई, दह्याचं विरजण दुधात वाढतं. हे दुधात वाढत नाही, जंतू वाढवायच्या रश्शात वाढत नाही. याला जिवंत अंगच लागतं. म्हणून तर ही लस वासराच्या अंगावर तयार करतात."

"मग या दुधाचं काय करू?"

"फेका."

उस्मानभाईंनी पातेलं उचललं, दारापर्यंत गेले आणि थांबले. "साब, जिवंत अंगच लागतं, तर मी पिऊन बघू?"

नशीब, गाव जवळजवळ उरकलं होतं. मडक्याच्या तळाशी एक नळी सापडली. नवी लस हैदराबादहून यायला पंधरवडा लागणार होता. म्हणजे ती नळी नाम्याची.

*

बायजाबाई पाटलांचं ऐकेल, असं कळलं. पण पाटलांना आधी पुरावा हवा होता. "देवीचं विष असतंय म्हन्ता, तर दाखवा."

डॉक्टरांनी टोचलेल्या एका पोराच्या फोडातलं पाणी काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शक मांडला. पाटलांनी डोळा लावला.

"दिसलं की. काळं हाय. लांब हाय. हालायलंय बी."

"पाटील, ती तुमची पापणी आहे."

मग डॉक्टरांनी सांगितलं, की हे विष इतकं बारीक, की या यंत्रात दिसत नाही. चिनी मातीच्या गाळणीत इतर जंतू अडकतात, हे पार होतं.

"आपलं अंग म्हणजे बारीक बारीक खोल्या समजा. याला स्वतःची चूल नाही, स्वतःचे दाणे नाहीत. ते एका खोलीत शिरतं. तिथल्याच चुलीवर, तिथल्याच दाण्यांवर आपल्यासारखी शेकडो तयार करतं. शेवटी ती खोली मोडते, आणि सगळी शेजारच्या खोल्यांत शिरतात."

पाटील विचारात पडले. "डागदरसाहेब, असलं दिसत कावून न्हाई म्हन्ता? आमचे जावईबापू सहा वर्षं झाली माझ्याच घरात हायेत."

जावईबापू शेजारीच बसले होते. त्यांनी पाटलांचा डबा ओढला आणि एक पान लावून घेतलं.

*

पाटलांनी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी बायजाबाई घोंगड्यात गुंडाळलेलं पोर घेऊन हजर.

"ह्यो नाम्या. टोचा."

डॉक्टरांनी हात बाहेर ओढला. दंडावर आमच्याच सुईचे दोन फोड होते, आठ दिवसांपूर्वीचे.

"आजी, हे टोचलेलं पोर आहे."

"मग आनिक एकदा टोचा. कुटं बिघडलं?"

"एकदा लागली की अंग ओळख धरतं. पुन्हा शिरायला आलं तर दारातच अडवतं."

उस्मानभाईंनी घोंगडं वर केलं. आत पाटलांची नात, जावईबापूंची मुलगी.

बायजाबाई जराही ओशाळली नाही. "मग हिनं ओळख धरली न्हवं? ही सांगंल की नाम्याला. दोगं संगंच खेळत्यात."

*

दोन दिवसांनी साथ पलीकडच्या वस्तीवर आल्याचं कळलं. मडक्यातली नळी जुनी होत चालली होती. मी एकटाच वही घेऊन बायजाबाईच्या दाराशी गेलो. डहाळा वाळला होता. मी बाहेरच उभा राहिलो.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मुन्शी, तुमच्या लेकरायला टोचलंय का?"

"एकच मुलगी होती. टोचायचं राहून गेलं."

"कावून?"

"मीच म्हणालो होतो, पुढच्या हिवाळ्यात बघू."

"नाव काय व्हतं?"

"यमू."

बायजाबाईनं डहाळा सोडून बाजूला ठेवला, नाम्याला हाक मारली आणि स्वतःच त्याची बाही वर सारली.

"कोन्ता हात?" तिनं विचारलं.

मी डॉक्टरांना बोलावून आणलं आणि त्यांनी ती शेवटची नळी नाम्याला टोचली. आठव्या दिवशी नाम्याच्या दंडावर मोत्यासारखे दोन फोड उठले होते. डॉक्टर खूश झाले. दुधाची गोष्ट गावभर झाली होती; बायजाबाईनं आधी उस्मानभाईंना बोलावलं. "भाईसाब, लागलं बगा तुमचं इरजण."

मी वही उघडली. तिनं एका फोडापाशी बोट नेलं. "ह्यो नाम्याचा लिवा."

मग दुसऱ्यापाशी नेलं. "आन ह्यो यमूचा."

मी लिहिलं. संध्याकाळी डॉक्टरसाहेबांनी वही तपासायला घेतली. त्या ओळीपाशी ते थांबले. मग दौतीत टाक बुडवला आणि खाली सही केली.