पेनसिल्व्हेनियातली सासुरवाडी

चार देशी पोरं एका अपार्टमेंटमध्ये राहिली की सिंकमधल्या भांड्यांसारखे किस्सेही साठत जातात. २००४ साली स्टेट कॉलेज नावाच्या गावात आमच्याकडे साठले ते बहुतेक मिलिंदचे. हा नागपूरचा, शुद्ध शाकाहारी, आणि प्रेमात पडला कुणाच्या? तासाभरावरच्या खेड्यातल्या, डेअरी फार्मवाल्या टॉमच्या लेकीच्या, एमिलीच्या!

*

एमिलीच्या घरी पहिलं जेवण. तिच्या आईने कॉर्न, बटाटे, अॅपल पाय, सगळं पुढे केलं. मिलिंद प्रत्येक वेळी संस्काराप्रमाणे "नो, थँक यू" म्हणाला आणि आग्रहाची वाट बघत बसला. बाऊल पुढे गेला तो गेलाच! घरी येऊन पठ्ठ्याने उभ्याउभ्या दहीभात खाल्ला.

"यार, दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही!"

*

नोव्हेंबरमध्ये टॉमने कौतुकाने गॅरेज दाखवायला नेलं. आत छताला आख्खं हरीण उलटं टांगलेलं! शिकारीचा सीझन सुरू झाला म्हणून गावातल्या शाळेला चक्क सुट्टी होती. मिलिंद चाचरत म्हणाला, "मी मांस खात नाही." टॉम त्याच्याहून जास्त हादरला.

"अरेरे! कधीपासून आजारी आहेस?"

*

मग स्वारी लग्नाचं विचारायला गेली. आधी नमस्कार करावा म्हणून मिलिंद टॉमच्या पाया पडायला वाकला. याचं काहीतरी खाली पडलं असं वाटून टॉमही वाकला. टाळक्यावर टाळकं! कपाळाला बर्फ लावत टॉम एवढंच म्हणाला, "विचार करतो." महिना उलटला तरी उत्तर नाही. मिलिंदची अन्नावरची वासना उडाली, आम्हालाही काळजी वाटायला लागली.

*

त्यात नागपूरहून त्याची आई आली, "हे खूळ डोक्यातून काढायला". तरी काकूंनी टॉमला रीतसर जेवायला बोलावलं आणि पुरणपोळ्या केल्या. इकडे एमिलीने बापाला बजावलेलं, "नको म्हटलं की त्यांना वाईट वाटतं." शिवाय टॉम पडला शेतकरी, प्लेटमध्ये काही टाकणं त्याला माहीत नाही. काकू वाढतात, टॉम संपवतो. रिकामी प्लेट दिसली की काकू पुन्हा वाढतात!

शेवटी काकू किचनमध्ये आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन. "अरे बाप्पा! हा माणूस नको म्हणतच नाही ना! पुरण संपलं!"

उरलेली एकुलती एक पोळी घेऊन त्या बाहेर आल्या. घामाघूम टॉमने मिलिंदच्या कानात काहीतरी विचारलं. मिलिंदचे डोळेच विस्फारले. त्याने कसंबसं उत्तर दिलं.

टॉमने प्लेटवर दोन्ही हात आडवे धरले आणि तो अडखळत चक्क मराठीत म्हणाला,

"पुरे, विहीणबाई!"

काकू जागच्या जागी थिजल्या. मग काकूंनी टॉमचे हात हळूच बाजूला केले.

"आता तर एक घ्यायलाच लागेल, व्याही!"