ठाणेदाराचे चार पाय जमिनीवर

कडूबा वायाळ सांजेला बाजार करून घरी आले की त्यांना मिठी मारणारं घरात एकच जण होतं, आणि त्याचं वजन एकोणचाळीस किलो होतं. हा आकडा अंदाजाचा नाही. जानेफळच्या एका अडत्याच्या काट्यावरून सोयाबीनचं पोतं उतरवून त्या जागी कुत्र्याला बसवलं होतं. अडत्यानं सवयीनं पोत्याची म्हणून एक किलो कटती वजा धरली, म्हणजे खरं वजन चाळीस असावं.

कुत्र्याचं नाव ठाणेदार. सहा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी ते पिल्लू घरात आलं. कडूबा लोकांना आपट्याची पानं देऊन गळाभेट घेत होते. पिल्लानंही पुढचे पाय त्यांच्या गुडघ्याला लावले. कडूबांनी वाकून त्यालाही मिठी मारली, लोक हसले, आणि त्या घरात तेव्हापासून रोज दसरा झाला. पिल्लाचे पाय मात्र गुडघ्यावर थांबले नाहीत. दोन वर्षांत ते खांद्यावर पोचले.

रुक्मिणीबाई, म्हणजे कडूबांच्या पत्नी, मिठी वगैरे मारत नसत, आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. त्या ठाणेदारासाठी रोज तीन बिनमिठाच्या भाकरी थापत. तो त्या त्यांच्या हातून खाई. पण कोपऱ्यावर कडूबांच्या मोपेडचा आवाज आला की उरलेला तुकडा तिथंच टाकून पळे. सहा वर्षांत असे किती तुकडे टाकले असतील, याचा हिशेब बाईंनी ठेवला नव्हता. विसरल्या मात्र एकही नव्हत्या.

त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. कडूबा बैलांचा साज विकत. कासरे, मोरक्या, घुंगरमाळा घेऊन आज जानेफळ, उद्या हिवरा आश्रम, परवा आणखी कुठं. बाजारात माणसं भेटत, कोणाचं लग्न जमे, कोणाचं मोडे. हे सगळं कडूबा रोज ओट्यावर बसून, मांडीवर त्या मोठ्या डोक्याचं ओझं घेऊन, ठाणेदाराला सांगत. रुक्मिणीबाई आत चुलीपाशी. खिडकीतून नीट ऐकू यावं म्हणून त्या फोडणी उशिरा देत. स्वतः विचारलंच, “काय झालं बाजारात?” तर उत्तर ठरलेलं: “काही नाही. बाजारच तो.”

हर्नियाची बातमीही त्यांना खिडकीतूनच मिळाली.

“ठाणेदारा, लेका, डाक्टर म्हणते पोट फाडा लागते,” कडूबा कुत्र्याच्या कानामागं खाजवत सांगत होते.

रुक्मिणीबाई हातातलं उलथनं घेऊन बाहेर आल्या. “अवो, मले नाही सांगा वाटलं?”

“सांगणारच होतो.”

“त्याले पयले?”

“तो समोर होता,” कडूबा म्हणाले. त्यांच्या मते विषय संपला.

मेहकरच्या सर्जननी तपासलं, तारीख दिली, पथ्य सांगितलं: सहा आठवडे वजन उचलायचं नाही, पोटाला धक्का बसू द्यायचा नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “आणखी काही?” इतर बायका नवऱ्याच्या दारूबद्दल ज्या सुरात सांगतात त्या सुरात रुक्मिणीबाई म्हणाल्या, “सायेब, घरी कुत्रं हाये. अंगावर घेते त्याले.”

सर्जननी ठाणेदाराचं वजन विचारलं आणि पेन खाली ठेवलं. आत जाळी बसवणार, वरून टाके. त्यावर असा धोंडा आदळला तर पुन्हा टेबलावर यावं लागेल. एक तर कुत्र्याची सवय मोडा, नाही तर त्याला दुसरीकडं पाठवा. ऑपरेशनला बावीस दिवस होते.

दुसरीकडची सोय तयारच होती. मुलगा हरिओम जळगाव जामोदकडं सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याचा बगीचा बघे. तिथं रानडुकरं येत, कुत्रं हवंच होतं. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी गाडी घेऊन येतो, तोवर सुधारला तर ठीक, नाही तर नेतो, असं तो फोनवर म्हणाला. कडूबा त्या दिवशी जेवले नाहीत. रुक्मिणीबाई पोटभर जेवल्या.

आपल्या दुकानात ज्याचा इलाज नाही असं जनावर नाही, हा कडूबांचा तीस वर्षांचा विश्वास. मोकाट गुरानं पळू नये म्हणून गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, त्याला लोढणं म्हणतात. त्यांनी शेजारच्या फकीर मोहम्मद मिस्त्रीकडून बाभळीचं एक लोढणं घडवून घेतलं.

“अरे कडूबा, हा बैल हाये का बे?” मिस्त्री रंधा बाजूला ठेवत म्हणाला.

“बैलापेक्षा कमी हाये काय?”

“मंग औताले जुप. निदान पेरणी तं होईन.”

ठाणेदारानं लोढण्यासकट उडी मारली. गळ्यात ओझं आहे हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. ओंडका झुलून कडूबांच्या नडगीवर बसला. रुक्मिणीबाईंनी हळद लावून दिली. त्या लावण्यात बरंच समाधान होतं.

लंगडत कडूबा ठाणेदाराला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर प्राची नवीन होत्या. त्यांनी लोढणं आधी टेबलावर ठेवायला लावलं, मग विचारलं, “काका, तो उडी मारतो तेव्हा तुम्ही काय करता?”

“ढकलतो ना. म्हणतो, नको रे राजा.”

“म्हणजे हात लावता, आणि राजा म्हणता. त्याला तेवढंच हवंय.”

मग त्यांनी रीत सांगितली. कुत्र्याला लांब दोरीनं खांबाला बांधायचं. काकांनी आल्यावर दोरीच्या टप्प्याबाहेर उभं राहून त्याच्याकडं पाठ करायची. बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. काकूंनी हातात भाकरीचा तुकडा घेऊन समोर थांबायचं. त्याचे चारही पाय जमिनीवर आले आणि तो शांत बसला, की काकूंनी जाऊन तुकडा खाली, जमिनीजवळ द्यायचा. त्यानंतरच काकांनी वळायचं. जमलं की दोरी सोडून हेच.

“वळायचं कधी, मले कसं समजन?” कडूबांनी विचारलं. “पाठ हाये ना माई.”

“काकू सांगतील.”

असे अधिकार घरातल्या माणसाला फार जपून द्यायचे असतात. पण डॉक्टर प्राची अविवाहित होत्या.

पहिल्या सांजेला कडूबांनी पाठ केली. मागं दोरी ताणून ठाणेदार आकांत करत होता. पुढं दारात रुक्मिणीबाई. त्या वेळेला रोज बोलायची सवय लागलेलं तोंड किती वेळ बंद राहणार? थोडं घुटमळून कडूबा म्हणाले, “त्या भगवंतरावानं आज दुसरी बैलजोडी इकली.”

“कोणत्या भगवंतरावानं?” रुक्मिणीबाईंनी विचारलं.

“तोच तो, ज्याची पोरगी नर्स हाये.” आणि मग सून वेगळी कशी निघाली, ट्रॅक्टर कोणाच्या नावावर घेतला, सगळं आलं. पस्तीस वर्षांच्या संसारात रुक्मिणीबाईंना बाजार पहिल्यांदाच समोरून ऐकायला मिळाला. हातातल्या तुकड्याची आठवण झाली तेव्हा ठाणेदार बसून बसून जांभया देत होता.

“जितका जास्त वेळ बसेल तितकं चांगलं,” डॉक्टर प्राची दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. प्रगती झपाट्यानं झाली. इतकी, की नवव्या दिवशी कडूबांनी पाठ केली न केली तोच ठाणेदार खाली बसला. बाईंनी “बसला” म्हटलं, कडूबा वळले, आणि कोणाचा तरी बैल हरवल्याची नुकतीच सुरू केलेली हकिकत तोडून पुढची कुत्र्याला सांगू लागले.

रुक्मिणीबाई तुकडा हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. बैल सापडला की नाही, ते त्यांना पुन्हा खिडकीतून ऐकावं लागलं.

दहाव्या दिवशी ठाणेदार दगडी नंदीसारखा बसला होता.

“बसला काय?” कडूबांनी विचारलं.

“नाही अजून.”

“आवाज तं नाही त्याचा.”

“एक पाय उचलून राह्यला. तुमी सांगा ना, मंग काय म्हणे तो?”

असं करत पाय कधी उचलला गेला, कधी शेपूट फार हलली. दोरी सुटली तरी ठाणेदार बसून राही. तालुक्यात इतकं शहाणं कुत्रं नव्हतं आणि इतकं बदनामही नव्हतं.

रविवारी हरिओम पिकअप घेऊन आला आणि ओट्यावर बसला. “दोरी नको, माय. पाहू दे खरं काय ते.”

रुक्मिणीबाई दारात. तुकडा छातीपाशी धरला तर ठाणेदार उडणार, गुडघ्याखाली धरला तर बसणार, हे त्यांना पुरतं माहीत झालं होतं. हात फक्त वीतभर वर न्यायचा होता. मग गाडी होती, सातपुडा होता, आणि उद्यापासून तीन भाकरी कमी. मोपेडचा आवाज आला. त्यांच्या डोळ्यांपुढं कुत्र्याविना घर आलं: खाटेवर कडूबा, आणि विचारलं तर “काही नाही. बाजारच तो.” मागं कुत्रं नसेल तर हा माणूस तोंड इकडं कशाला करील?

त्यांनी हात खाली नेला. ठाणेदार सुसाट आला, चार हातांवर थांबला, बसला. कडूबांनी सवयीनं पाठ केली आणि डोळे मिटून घेतले.

“बसला काय?” त्यांनी विचारलं.

“बसला,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्या दिवशी लगेच म्हणाल्या.

“मंग म्या गाडी काऊन आणली?” हरिओमनं विचारलं. त्याला चहा मिळाला.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर कडूबांनी ओठ हलवले. रुक्मिणीबाईंनी कान जवळ नेला.

“ठाणेदारानं खाल्लं काय?”

“त्याले फकीरभाऊ चारून राह्यले. मी नाही खाल्लं सकाळपासून.”

“मंग खाय ना,” कडूबा म्हणाले आणि पुन्हा झोपले. बाईंनी डबा उघडला, आणि भाकरी अशी तोडली की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं वळून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी हरिओमनं दोघांना मेहकरहून घरी आणलं. कडूबा पोटावर हात धरून हळूहळू उतरले. ठाणेदार अंगणातून धावत आला. हरिओम मधे पडायला निघाला, पण तोवर ठाणेदार थांबला होता. त्याचं सगळं अंग थरथरत होतं, घशातून बारीक रडणं येत होतं, पण चारही पाय जमिनीवर होते. मग तो बसला.

कडूबांनी पाठ केली. समोर रुक्मिणीबाई, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तुकडा.

“बसला काय?”

रुक्मिणीबाईंनी कुत्र्याकडं पाहिलं. ते त्यांच्याकडं नव्हे, कडूबांच्या पाठीकडं बघत होतं.

“नाही अजून.”

हरिओमनं तोंड उघडलं. आईनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं ते मिटलं आणि गाडीतलं सामान काढायला गेला.

“बरं,” कडूबा म्हणाले, आणि थोडं थांबून सुरू झाले. “आपल्या शेजारच्या खाटेवर तो म्हातारा होता ना, त्याच्या दोन्ही पोरांचं भांडण झालं तिथं, डब्यावरून. मोठा म्हणे, मी आणला…”

ते सगळं भांडण रुक्मिणीबाईंनी खाटेपाशी बसून स्वतः पाहिलेलं होतं. कडूबा तेव्हा झोपेतच होते. त्यांना ते बाईंनीच सांगितलं होतं.

“मंग?” रुक्मिणीबाईंनी विचारलं.