उंबरठ्यावरची शोकसभा

दर्यापूरच्या स्मशानात चिता पेटली की लोक टिनाच्या शेडात गोळा होत आणि बापू बोलायला उभे राहत. टोपी काढून हातात घेत, सगळ्यांत मागच्या माणसाकडे पाहत आणि विचारत, "मांगं आयकू येते ना?" मगच शोकसभा सुरू होई, असं माझा भाऊ सांगायचा. बापूंचं कापडाचं दुकान होतं. ते कसं चालायचं, देवच जाणे. मयतीची खबर आली की ते गिऱ्हाइकाच्याच हाती गज देत आणि म्हणत, "घ्या, तुमीच मोजा."

बाकीचे वक्ते गेलेल्या माणसाला थेट वैकुंठात नेऊन बसवत. बापूंना ते खपत नसे. "मेलेल्या मानसाले देव करू नका, बाप्पा. देवासाठी कोनी रडत नाई," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते आधी त्या माणसाची एखादी खोड सांगत आणि लोक रडता रडता हसत. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर बौद्ध वस्तीतल्या मयतीलाही ते पूर्वीसारखेच जात, वंदना होईपर्यंत हात जोडून मागे उभे राहत. बाजारात कोणी नाक मुरडलंच, तर विचारत, "कावून? तिथल्या बायका रडत नाईत?"

आम्हा बायकांना तेव्हा स्मशानात जायची मुभा नव्हती. ज्याच्यासोबत जन्म काढला त्याच्याविषयी गाव काय बोललं, हे घरच्या बाईला कळतच नसे. बापूंना ते फार लागायचं. स्मशानातून परतल्यावर कडुनिंबाचा पाला चावून झाला, की ते त्या घराच्या उंबरठ्याबाहेर उभे राहत आणि शेडातलं सगळं भाषण आतल्या बायकांसाठी पुन्हा करत. पुरुषमंडळी चुळबुळत. बापू ढिम्म.

माझे वडील गेले तेव्हा आई रडलीच नाही. तात्या तापट होते; जन्मभर तिच्या हातचं मुकाट्यानं जेवले, कधी बरं म्हणाले नाहीत. भिंतीला टेकून बसलेल्या आईने भावाला एवढंच विचारलं, "तिथं काय म्हनले?"

"चांगलंच म्हनले," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

मग दारात बापू आले. "मांगं आयकू येते ना, वहिनी? तात्या लय तिरसट. पंगतीत माह्याजवळ बसत अन् दर खेपेस म्हनत, 'आमच्या घरच्या वरनाची सर नाई याले.' म्या म्हनलं, हे घरी सांगा ना! तं माह्यावरच खेकसले."

आई आधी हसली. मग तिला जे रडू फुटलं, ते थांबेना. त्या रडण्याने माझी आई वाचली, असं मी आजही मानते. बापूंचे हे उपकार मी विसरणं शक्य नाही.

पुढे काही वर्षांनी बापूच गेले. शेडात माणूस मावत नव्हता म्हणे. पुरुष परतले, पाला चावला, "लय मोठी सभा झाली" असं काकूंना सांगून चपला शोधू लागले. बापूंच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. त्या दाराकडे बघत राहिल्या. तिथे कोणीच उभं नव्हतं.

चारचौघांत कधी तोंड न उघडलेली माझी आई उठली. पदर डोक्यावर घेऊन तिने उंबरठा ओलांडला आणि बापूंच्या जागी उभी राहून आत वळली.

"बापूंले दुकान काई जमलं नाई," तिने सुरुवात केली. ती थांबली, सगळ्यांत मागे बसलेल्या काकूंकडे पाहिलं आणि म्हणाली, "मांगं आयकू येते ना, बाई?"

"येते," काकू म्हणाल्या. "बोला."